मत्स्यबीजाने तलाव सुधारत नाही

गावच्या तलावातली मासळी घटली की त्यावरचा उपाय ठरलेला असतो: मत्स्यबीज सोडा. वैनगंगेच्या खोऱ्यात, बालाघाटपासून गोंदिया-भंडाऱ्यापर्यंत, मत्स्यव्यवसायाचा सगळा विचार या एका उपायाभोवती फिरतो. त्यामागचे मत असे. कटला, रोहू, मृगळ हे झपाट्याने वाढणारे कार्प मासे, म्हणून त्यांचे बीज जितके जास्त पडेल तितके उत्पादन जास्त. मरळ, मागूर, शिंगी, टेंगरा, वाम ही तलावातली मूळची मासळी एक तर खुरटी, नाही तर बीज खाणारी, म्हणून ती काढून टाकलेली बरी. पाण्यातली वनस्पती जाळ्याला अडते, तीही नको. आणि मासे संपले असतील तर दोष ढीमर मासेमारांच्या हावरेपणाचा. हे मत सरकारी योजनांत आहे, सहकारी संस्थांच्या ठरावांत आहे, आणि आता खुद्द मासेमारांच्या तोंडीही आहे. तरीही ते चुकीचे आहे, आणि या चुकीची किंमत खोऱ्यातली सर्वांत गरीब माणसे मोजत आहेत.

आधी या मतातले खरे ते मान्य करू. 10 जुलै 1957 रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पीयूष ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन प्रमुख कार्प माशांचे प्रजनन घडवून आणले. तोवर नदीच्या पुरातून बीज गोळा करावे लागे. त्या शोधाने देशाची मत्स्यशेती उभी राहिली, आणि तो दिवस आपण राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतो ते योग्यच आहे. खासगी शेततळ्यात, खाद्य देऊन, पाणी राखून कार्प वाढवायला कोणाची हरकत असणार नाही. चूक तिथे होते, जिथे शेततळ्याचे शास्त्र जुन्या गावतलावाला जसेच्या तसे लावले जाते.

कारण हे तलाव मत्स्यशेतीसाठी खोदलेलेच नाहीत. गोंड राजवटीत तलाव बांधणाऱ्याला त्याखाली भिजणारी जमीन मिळे, अशी परंपरा सांगितली जाते. कोहळी समाजाने आणि पुढे मालगुजारांनी उतार पाहून, पाळ घालून, एकाचा सांडवा दुसऱ्याच्या पोटात सोडून तलावांच्या माळा उभ्या केल्या. पाणी धानासाठी होते. मासळी, कमळकंद, शिंगाडा, गुरांचे पाणी हे सगळे त्याच साठ्यावर चाले. 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले. तेव्हा बालाघाट आणि भंडारा हे दोन्ही जिल्हे एकाच मध्य प्रदेशात होते. 1956 मध्ये राज्याची हद्द मधून गेली, पण तलावांचे दुखणे दोन्हीकडे सारखेच राहिले: मालकी एकाकडे, पाण्याचा ताबा दुसऱ्याकडे आणि मासळीचा पट्टा तिसऱ्याकडे.

आता माशांकडे पाहू. कटला, रोहू, मृगळ हे नदीचे मासे. साठलेल्या पाण्यात ते वाढतात, पण सहसा वीण करत नाहीत. त्यासाठी त्यांना पुराचे वाहते पाणी लागते. म्हणजे गावतलावात त्यांची वस्ती सहसा तयार होत नाही. दरवर्षी बीज विकत घ्यायचे, दरवर्षी काढायचे, पुढच्या वर्षी पुन्हा पैसे उभे करायचे. उलट मरळ तलावातच घर करते. पाणवनस्पती बाजूला सारून मोकळ्या केलेल्या जागेत अंडी घालते, आणि पिल्ले मोठी होईपर्यंत नर-मादी त्यांची राखण करतात. मागूर आणि शिंगी पहिल्या पावसात येव्याने, म्हणजे तलावात पाणी येण्याच्या वाटेने, वर चढतात आणि धानाच्या बांधीत, उथळ पाण्यात वीण करतात. या तिन्ही जातींना हवेतून श्वास घेता येतो, म्हणून उन्हाळ्यात तलाव चिखलावर आला तरी त्या तग धरतात. बीज विकत न घेता दरवर्षी मिळणारी ही मासळी. तिला निरुपयोगी ठरवणारा हिशेब फक्त वजन मोजतो, खर्च मोजत नाही.

देशी मासे बीज खातात, हा आक्षेप अर्धाच खरा आहे. मरळ खाते, यात शंका नाही. पण तलावात जिरे किंवा अगदी लहान बीज टाकले तरच ते मोठ्या प्रमाणावर बळी पडते. मोठ्या जलाशयांत निदान 100 मिलिमीटरची बोटुकली सोडावी, असा मत्स्यशास्त्रज्ञांचा जुना सल्ला आहे. तो पाळला तर शिकारी मासा मारण्याची गरज बरीचशी संपते. आणि छोटे मासे तर कार्पचे शत्रू नाहीतच. बांगलादेशात एके काळी तळ्यात विष घालून लहान देशी मासे आधी मारत आणि मग कार्प सोडत. डॉ. शकुंतला थिलस्टेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की मोला हा बोटभर मासा कार्पसोबत वाढवला तर कार्पचे उत्पादन घटत नाही, आणि डोक्या-काट्यासह खाल्ल्या जाणाऱ्या या माशातून घरातल्या बायका-मुलांना अ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम मिळते. या कामासाठी त्यांना 2021 चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. मोठा कार्प बाजारात जातो आणि छोटी मासळी घरच्या हंडीत पडते. ती काढून टाकणे म्हणजे ढीमराच्या पोराच्या ताटातला घास काढणे.

वनस्पतींबद्दलचा गैरसमज याहून महाग पडला आहे. तलाव 'साफ' राहावा म्हणून गवत्या कार्प सोडला जातो. तो पाण्याखालची वनस्पती फस्त करतो. सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प, तळ उकरून पाणी गढूळ करतो, मग उजेड तळाशी पोचत नाही आणि उरलेली वनस्पतीही मरते. वनस्पती गेली की अंडी चिकटायला आधार नाही, पिल्लांना आडोसा नाही, बारीक किडे-गोगलगायींचे खाद्य नाही. बाहेरचा मासा एकदा रुजला की तो परत काढता येत नाही, हे हिमाचलच्या गोविंदसागराने दाखवले आहे. तिथे 1971 मध्ये चंदेरी कार्प चुकून शिरला, जलाशयात त्याची वीण होऊ लागली, आणि पुढच्या काळात कटल्याची पकड कोसळली.

राहिला ढीमरांच्या हावरेपणाचा आरोप. पावसाच्या तोंडी चढणीचे मासे बारीक जाळ्याने पकडले जातात, हे नाकारण्यात अर्थ नाही. ते थांबले पाहिजे. पण ते थांबवणारा नियम कुठे आहे? मध्य प्रदेशात 16 जून ते 15 ऑगस्ट हा मासेमारी-बंदीचा काळ असतो. बंदीच्या आदेशातच, ज्या लहान तलावांचा नदीशी संबंध नाही त्यांना सूट दिलेली असते. मरळ, मागूर, शिंगी ज्या पाण्यात विणतात नेमके तेच पाणी बंदीतून वगळले जाते, कारण तिथे फक्त सोडलेले बीजच वाढते असे गृहीत धरलेले आहे. चुकीचे मत नियमात उतरले की दोष माणसांच्या माथी मारणे सोपे होते. शिवाय उन्हाळ्यात मोटारी लावून तलाव शेवटच्या थेंबापर्यंत उपसला जातो, येव्यावर अतिक्रमण होते, पोटात बेशरम हे तण माजते. यांतले एकही काम ढीमराच्या जाळ्याचे नाही.

तलाव खोल केला की मासळी वाढते, असेही सांगितले जाते. 2022 पासूनच्या अमृत सरोवर मोहिमेत जिल्ह्यामागे 75 तलाव हाती घेताना किमान एक एकर क्षेत्र आणि दहा हजार घनमीटर साठा ही मोजमापे ठेवली गेली. साठा हवाच. पण जेसीबीने काठ उभे कापले की उथळ उतार जातो, आणि वीण तर तिथेच होते. मध्यभागी खोल डोह आणि कडेला लांब उथळ पट्टा, दोन्ही राखूनच गाळ काढला पाहिजे.

दुसरा मार्ग शक्य आहे का, याचे उत्तर शेजारीच मिळते. भंडारा-गोंदियात मनीष राजणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ढिवर या मासेमार समाजाच्या जाणकारांकडून मासे, वनस्पती आणि पाण्याचे ज्ञान टिपले. मग अर्जुनी मोरगाव परिसरातल्या मच्छीमार संस्थांनी, विशेषतः तिथल्या स्त्रियांनी, उन्हाळ्यात तलावाचा तळ नांगरून बेशरम उपटली, आणि पावसाच्या सुरुवातीला देशी पाणवनस्पतींची रोपे हाताने लावून ती जपली. काही काळात देशी मासळी परतली आणि पाणपक्षीही वाढले. इथे आधी तलाव सुधारला गेला, मासे त्यामागून आले. कोणताही शेतकरी बियाणे घेण्याआधी जमीन पाहतो. मत्स्यव्यवसायात मात्र आपण जमीन न पाहता दरवर्षी पेरणी करत आलो.

म्हणून बालाघाटच्या जिल्हा, जनपद आणि ग्रामपंचायतींना, ज्यांच्या हाती या तलावांचे पट्टे आहेत, सांगणे एवढेच: पट्ट्याच्या करारात मृतसाठ्याचे पाणी न उपसण्याची अट घाला. गवत्या कार्प आणि सायप्रिनस गावतलावात सोडू नका. वीण होणाऱ्या येव्यांवर पहिल्या पावसात बंदी लावा आणि तिची राखण ढीमर संस्थांकडेच द्या. बीज सोडायचेच तर बोटुकली सोडा. आणि वार्षिक नोंदीत टनांसोबत जातीही मोजा. बिहारने मागूर आणि तेलंगणने मरळ हा आपला राज्यमासा मानला आहे. ज्या खोऱ्यात हे दोन्ही मासे पिढ्यान्‌पिढ्या फुकट मिळत होते, तिथे त्यांना कचरा म्हणणे आता थांबले पाहिजे.