शिरगणती आणि सोलापूरचा नकाशा

श्रोतेहो, आजचा विषय आकड्यांचा आहे हे कळताच ज्यांना उठून जावेसे वाटत असेल, त्यांनी निदान पहिले तीन आकडे ऐकावेत आणि मग खुशाल जावे. १९०१ च्या खानेसुमारीत सोलापूर शहराची वस्ती ७५ हजारांवर होती. १९११ साली ती ६१ हजारांवर आली. १९२१ साली पाहावे तो ती १ लाख १९ हजारांवर गेलेली. एखादे शहर दहा वर्षांत चौदा हजार माणसे गमावते आणि पुढच्या दहा वर्षांत जवळजवळ दुप्पट होते, ही गोष्ट जन्ममृत्यूच्या नेहमीच्या गतीने होणारी नव्हे. आकडे छापील आहेत, सरकारी आहेत. तरीही ते जसेच्या तसे उचलून निबंधात मांडणारा अभ्यासक फसतो. कारण आकडा किती हे विचारण्याआधी तो कोठला, कोणत्या रात्रीचा आणि कोणी कोणाला मोजून काढलेला, हे विचारावे लागते.

१९३१ पर्यंत आपल्याकडे शिरगणती एका ठरलेल्या रात्रीची असे. १९११ ची रात्र होती १० मार्चची. त्या रात्री जो जेथे निजला, तेथला तो रहिवासी. आता त्या काळची गोष्ट ध्यानात आणा. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि नंतरची कित्येक वर्षे दख्खनातल्या शहरांना त्याने सोडले नाही. उंदीर पडू लागले की लोक घराला कुलूप लावून गावाबाहेर माळावर झोपड्या घालीत, नाहीतर खेड्यातल्या सोयऱ्यांकडे जात. तेव्हा १९११ च्या कोष्टकात जी माणसे दिसत नाहीत, त्यांत मेलेली किती आणि हद्दीबाहेर निजलेली किती? कोष्टक याचे उत्तर देत नाही. त्यासाठी नगरपालिकेच्या जन्ममृत्यूच्या नोंदी हव्यात, आणि भोवतालच्या खेड्यांची त्याच सालची वस्ती अचानक फुगली होती काय, हेही पाहायला हवे. म्हणजे एका आकड्याचा अर्थ लावण्यासाठी आणखी दोन दप्तरे उघडावी लागतात.

१९२१ च्या वाढीचे बीज गिरण्यांत आहे आणि दुष्काळातही आहे. मुरारजी गोकुळदासांची गिरणी, जिला आपण जुनी गिरणी म्हणत आलो, १८७७ सालची. तिच्यामागून आणखी गिरण्या उभ्या राहिल्या आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात कापडाला भाव आला. १९१८ साली पावसाने दगा दिला, त्यातच इन्फ्लुएंझा आला, आणि शेतात राम उरला नाही तेव्हा माणसे भोंग्याच्या आवाजाकडे चालू लागली. खानेसुमारीत जन्मस्थळाचा एक रकाना असतो. ही माणसे कोठून आली हे पाहायचे तर तो रकाना पाहावा. बहुतेक अभ्यासक तो ओलांडून पुढे जातात, ही खेदाची गोष्ट आहे.

याच गावात काही माणसांची शिरगणती दहा वर्षांनी नव्हे, तर रोज होत असे, हेही येथे सांगितले पाहिजे. ज्यांना कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवले होते त्या जमातींची येथली सेटलमेंट, तिचे तारेचे कुंपण आणि तिथली हजेरी यांची आठवण वस्तीच्या नावात अजून आहे. तो कायदा १८७१ चा. देशभरातून तो गेला १९५२ साली. मोजणी म्हणजे केवळ ज्ञानाची हौस नव्हे, हे ज्यांना रोज हजेरी द्यावी लागली त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

असो. पुन्हा हद्दीकडे वळतो, कारण अगदी अलीकडचे उदाहरण तेथेच आहे. १९९१ साली सोलापूर शहराची लोकसंख्या ६ लाख ४ हजार, २००१ साली ८ लाख ७२ हजार, २०११ साली ९ लाख ५१ हजार. वाचणारा म्हणेल, नव्वदीत शहर धावले आणि नंतर दमले. वास्तविक १९९२ साली महापालिकेची हद्द वाढली आणि क्षेत्र सुमारे १७८ चौरस किलोमीटर झाले. बाळे, शेळगी, मजरेवाडी, कुमठे, सोरेगाव ही गावे जागची हलली नाहीत. हलली ती रेघ. १९९१ च्या जिल्हा जनगणना पुस्तिकेत ही गावे तालुक्यांच्या पानांवर निराळी सापडतात. ती शोधून शहराच्या आकड्यात मिळवावी आणि मग २००१ शी तुलना करावी. एवढे केले की त्या धावण्यातला पुष्कळ भाग ओसरतो. प्रभागांचेही असेच आहे. प्रभागांचे क्रमांक निवडणुकीगणिक बदलतात, पण साखर पेठ साखर पेठच राहते. म्हणून ज्याला पेठेचा इतिहास लिहायचा आहे त्याने आधी दोन नकाशे एकावर एक ठेवून पाहावेत आणि कोष्टकाला हात नंतर घालावा.

रेघ कोठे मारावी यावरून केवढा वाद पेटू शकतो, हे आपल्या जिल्ह्याला सांगायला नको. १९६६ साली महाजन आयोग नेमला गेला. १९६७ च्या त्याच्या अहवालात अक्कलकोट तालुका आणि दक्षिण सोलापुरातली काही गावे कर्नाटकाकडे द्यावीत अशी शिफारस होती. ती अमलात आली नाही. दोन्ही बाजूंच्या हाती मातृभाषेचे आकडे होते ते खानेसुमारीचेच. मग मतभेद कशाचा? मुख्यतः घटकाचा. महाराष्ट्राचे म्हणणे, आंध्र-मद्रास सीमावादात पाटसकरांनी लावले तेच सूत्र येथे लावा: खेडे हा घटक धरा, भाषिक बहुमत पाहा आणि प्रदेश सलग आहे की नाही ते पाहा. तालुका रंगवला तर नकाशा एक बोलतो, खेडे रंगवले तर दुसरे. शहराच्या आतही हीच गत आहे. सोलापूर एका रंगात रंगवा, मराठी दिसेल. पेठवार रंगवा, पूर्व भागात तेलुगू उठून दिसेल, आणि पुढे कन्नड आणि उर्दू. यातला कोणताही नकाशा खोटा नाही, पण एकटा कोणताही पुरेसा नाही.

शिरगणतीने जे कळत नाही त्यासाठी घरोघर जावे लागते. लंडनात चार्ल्स बूथने १८८९ पासून गल्ली अन् गल्ली तिच्या सांपत्तिक स्थितीप्रमाणे रंगवली. आपल्याकडे हे काम पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने केले. १९३० साली संस्था निघाली तेव्हापासून धनंजयराव गाडगीळ तिचे प्रमुख होते. पुणे शहराच्या पाहणीचा पहिला भाग त्यांनी १९४५ साली प्रसिद्ध केला. सोलापूरकडेही संस्थेचे लक्ष होते: १९४७ साली आर. जी. काकडे यांचे सोलापुरातील विणकर समाजांवरचे पुस्तक निघाले आणि १९६५ साली खुद्द गाडगीळांचे सोलापूर शहराच्या सामाजिक-आर्थिक अभ्यासाचे. गिरणी कामगारांच्या घरखर्चाचा मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसचा अहवाल त्याही आधीचा, १९२८ चा. काकड्यांच्या पुस्तकाचे मोल एका कारणाने विशेष आहे. जातवार सविस्तर कोष्टके छापणारी शेवटची खानेसुमारी १९३१ ची. १९४१ साली युद्धामुळे ती कोष्टके झालीच नाहीत आणि स्वातंत्र्यानंतर हा रकाना अनुसूचित जाती-जमातींपुरता राहिला. तेव्हा पद्मशाली विणकर चाळिशीत कसे राहत होते हे जाणायचे तर या पाहणीचा दरवाजा ठोठावल्यावाचून गत्यंतर नाही.

आणि हातमागाच्या घरात शिरल्यावर दिसते ती कांडी भरणारी बाई. चूल पेटवायची, मूल पाजायचे आणि मधल्या वेळात चरख्यावर कांड्या भरायच्या. तिच्यावाचून माग थांबतो. तिची गणना कशात करावी? १९५१ साली खानेसुमारीने विचारले, ही स्वतःच्या कमाईवर जगते की दुसऱ्यावर अवलंबून आहे? ती अर्थातच अवलंबितांत जाण्याचा संभव मोठा. १९६१ साली व्याख्या बदलली आणि हंगामात नियमाने रोज तासाहून अधिक काम करणारी व्यक्तीही कामकरी ठरली, मग मजुरी हाती पडो वा न पडो. १९७१ साली प्रश्न पुन्हा बदलला: मुख्य उद्योग कोणता? घरकाम, असे उत्तर आले की गणकाची लेखणी तिकडे वळे. देशभरात कामकरी स्त्रियांचे प्रमाण त्या दहा वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आले. एवढ्यावरून बायका घरी बसल्या असा निष्कर्ष काढणारे लेखक निघालेच. सोलापूरच्या विणकर वस्तीबद्दल तसे लिहिण्यापूर्वी तिन्ही सालांची गणकांना दिलेली सूचनापत्रके शेजारी शेजारी मांडावीत. ती खानेसुमारीच्या अहवालांतच, कोष्टकांच्या मागे, परिशिष्टांत छापलेली सापडतात.