सनावळीत न बसणारा चषक : आयर्लंडच्या हर्लिंग अंतिम सामन्याचा इतिहास

आयर्लंडच्या राष्ट्रीय हर्लिंग स्पर्धेत विजेत्याला लियम मॅकार्थी चषक दिला जातो. तो प्रथम जिंकला लिमरिकने. अधिकृत सनावळीत हे विजेतेपद १९२१ चे म्हणून नोंदले आहे, पण तो अंतिम सामना खेळला गेला ४ मार्च १९२३ रोजी. मधल्या काळात एक तह झाला, एक नवे राज्य जन्माला आले आणि त्या राज्यात यादवी युद्ध पेटले. हा अपवाद असता तर विशेष काही नव्हते. या स्पर्धेत मात्र सन एक आणि तारीख दुसरी असा प्रकार वारंवार घडला आहे. 🧵

आधी खेळाविषयी थोडे. हर्लिंग प्रत्येकी १५ खेळाडूंच्या दोन संघांत खेळतात. हातात ॲश झाडाच्या लाकडाची, टोकाला चपटी आणि रुंद होत जाणारी काठी असते. तिला हर्ली म्हणतात. चामड्याने मढवलेला लहान चेंडू म्हणजे स्लिटर. हॉकीप्रमाणे चेंडू जमिनीवरच ठेवण्याचे बंधन नाही. तो हवेत झेलता येतो, काठीवर तोलत धावताही येते. गोलाचे खांब इंग्रजी एच अक्षरासारखे असतात. चेंडू आडव्या दांडीखालून गेला तर गोल, म्हणजे ३ गुण. दांडीवरून गेला तर १ गुण. धावसंख्या ‘२-७’ अशी लिहितात : २ गोल आणि ७ गुण, एकूण १३.

खेळ फार जुना. १३६६ च्या किलकेनी कायद्यांनी आयर्लंडमधल्या इंग्रज वसाहतवाल्यांना हा खेळ खेळण्यास मनाई केली आणि त्याऐवजी धनुर्विद्येचा सराव करण्यास बजावले. स्थानिकांच्या चालीरीती राज्यकर्त्यांच्या घरात शिरत आहेत ही त्यामागची भीती. आज सर्वाधिक, म्हणजे ३६, राष्ट्रीय विजेतेपदे ज्या काउंटीकडे आहेत तिचे नाव किलकेनी. इतिहासाला विनोदाचे वावडे नाही.

१८४५ नंतरच्या भीषण दुष्काळाने गावेच्या गावे ओस पाडली, तिथे खेळ कोण खेळणार? तो पुरता लोपण्याआधी क्लेअर काउंटीतला मायकेल क्युसॅक हा शिक्षक पुढे आला. १ नोव्हेंबर १८८४ रोजी थर्ल्स गावातल्या हेज हॉटेलात मोजकी माणसे जमली आणि गेलिक ॲथलेटिक असोसिएशन स्थापन झाली. मॉरिस डॅविन पहिले अध्यक्ष झाले. आर्चबिशप क्रोक आश्रयदाते झाले; पुढे डब्लिनच्या प्रसिद्ध मैदानाला त्यांचेच नाव मिळाले. ब्रिटिश पोलिसांचे खबरे या संघटनेवर सुरुवातीपासून नजर ठेवून होते. ते अगदीच अकारण नव्हते, कारण गुप्त क्रांतिकारी मंडळींनी तिच्यात लवकरच पाय रोवले.

पहिली राष्ट्रीय स्पर्धा १८८७ ची. तिचा अंतिम सामना झाला १ एप्रिल १८८८ रोजी, ईस्टरच्या रविवारी, बर या गावी. म्हणजे सनावळीतली विसंगती पहिल्याच वर्षापासून आहे. संघही आजच्यासारखे काउंटीतून निवडलेले नव्हते. काउंटीचा विजेता क्लबच तिचे प्रतिनिधित्व करी. टिपररीकडून थर्ल्स, गॉलवेकडून मीलिक. एका बाजूला २१ खेळाडू. प्रवासखर्चाच्या वादावरून थर्ल्सचे काही खेळाडू आलेच नाहीत आणि नेतृत्व जिम स्टेपलटनकडे गेले. थर्ल्सने १-१ विरुद्ध ०-० अशी बाजी मारली. तेव्हा गोलाची किंमत ३ गुण नव्हती. प्रतिपक्षाने कितीही गुण केले तरी एक गोल त्या सर्वांवर भारी पडे.

१८८८ ची स्पर्धा मात्र पूर्ण झालीच नाही. त्या शरद ऋतूत संघटनेने सुमारे ५० खेळाडू अमेरिकेला पाठवले. स्थलांतरित आयरिश समाजाकडून निधी गोळा करावा आणि प्राचीन टेल्टन क्रीडामहोत्सव पुन्हा सुरू करावा, असा बेत होता. दौऱ्याने पैसा आणला नाही, उलट कर्ज झाले, आणि गेलेल्यांपैकी कित्येक जण तिकडेच राहिले. निधी आणायला पाठवलेले खेळाडूच स्थलांतरित झाले! त्या काळातल्या आयर्लंडचे याहून नेमके चित्र शोधून सापडणे कठीण. त्या वर्षीच्या विजेत्याची जागा आजही रिकामी आहे.

पुढच्या काही वर्षांत नियम स्थिरावले. १८९६ मध्ये गोलाचे मोल ३ गुण ठरले. १९१३ मध्ये खेळाडूंची संख्या १५ वर आली आणि त्याच वर्षी संघटनेने डब्लिनमधले जोन्स रोडवरचे मैदान विकत घेतले. तेच क्रोक पार्क.

याच मैदानावर २१ नोव्हेंबर १९२० रोजी डब्लिन आणि टिपररी यांच्यात गेलिक फुटबॉलचा सामना चालू होता. त्या दिवशी सकाळी मायकेल कॉलिन्सच्या माणसांनी शहरात ब्रिटिश गुप्तचरांना ठार केले होते. दुपारी ब्रिटिश सुरक्षादले मैदानात शिरली आणि त्यांनी गर्दीवर गोळ्या झाडल्या. १४ जणांचे प्राण गेले. टिपररीचा खेळाडू मायकेल होगन त्यांपैकी एक. मैदानातल्या मुख्य प्रेक्षागृहाला आज त्याचे नाव आहे. तो सामना हर्लिंगचा नव्हता, हे खरे. पण त्यानंतर क्रोक पार्कवर उतरणारा प्रत्येक खेळाडू कोणत्या मातीवर उभा आहे हे जाणून होता.

आता तारखांकडे पाहावे. १९२० चा हर्लिंग अंतिम सामना झाला १४ मे १९२२ रोजी. डब्लिनने कॉर्कला हरवले. तेव्हा ब्रिटनशी तह होऊन पाच महिने लोटले होते आणि त्या तहावरून कालचे सहकारी एकमेकांविरुद्ध उभे ठाकले होते. जून १९२२ मध्ये यादवी सुरू झाली. १९२१ चा सामना मार्च १९२३ मध्ये खेळवला गेला तेव्हा ती संपलेली नव्हती. शस्त्रे खाली ठेवण्याचा आदेश निघायला अजून दोन महिने होते. लिमरिकने डब्लिनवर ८-५ विरुद्ध ३-२ असा दणदणीत विजय मिळवला आणि कर्णधार बॉब मॅकॉन्कीने नवा चषक उचलला. चषकाचा आकार मध्ययुगीन आयरिश लाकडी पेयपात्रावरून घेतलेला. तो ज्यांनी दिला ते लियम मॅकार्थी लंडनमध्ये, आयरिश आईवडिलांच्या पोटी जन्मलेले. ज्या वर्षाच्या स्पर्धेसाठी तो दिला गेला त्या वर्षी डब्लिनच्या किल्ल्यावर ब्रिटिश झेंडा होता. दिला गेला तेव्हा नव्हता.

थकलेली स्पर्धा वेगाने पुढे ढकलत संघटनेने मागची वर्षे हळूहळू भरून काढली. बंदुकीने विभागलेल्या गावांत तहाचे समर्थक आणि विरोधक एकाच काउंटीसाठी पुन्हा खेळू लागले. हे सहज घडले असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. कैदेत असलेल्यांच्या प्रश्नावरून केरी काउंटीच्या संघाने १९२४ मध्ये फुटबॉलचा अंतिम सामना खेळायलाच नकार दिला होता. तरीही संसदेत जे शक्य होत नव्हते ते मैदानावर थोडेफार होऊ लागले.

३ सप्टेंबर १९३९. सकाळी ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले. आयर्लंड तटस्थ राहिला आणि दुपारी क्रोक पार्कवर किलकेनी आणि कॉर्क समोरासमोर आले. उत्तरार्धात आभाळ फाटले. विजा, गडगडाट आणि असा पाऊस की खेळाडू एकमेकांना ओळखेनात. किलकेनीने अखेरच्या क्षणी जिमी केलीच्या फटक्यावर विजय मिळवला : २-७ विरुद्ध ३-३. हिशेब केला तर १३ विरुद्ध १२. आयर्लंडमध्ये हा सामना आजही ‘मेघगर्जना आणि विजांचा’ म्हणूनच ओळखला जातो. पराभूत कॉर्कचा कर्णधार जॅक लिंच पुढे देशाचा पंतप्रधान झाला.

१९४१ ची कथा आणखी विचित्र आहे. त्या वर्षी गुरांमध्ये लाळ्या-खुरकुताची साथ पसरली. शेतीवर जगणाऱ्या देशात ही राष्ट्रीय आपत्तीच. साथीच्या भागातून माणसांनी प्रवास करू नये म्हणून टिपररी आणि किलकेनी या दोन बलाढ्य संघांना स्पर्धेबाहेर राहावे लागले. कॉर्क आणि डब्लिन यांना अंतिम सामन्यासाठी नामनिर्देशित केले गेले आणि कॉर्कने ५-११ विरुद्ध ०-६ असे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. साथ ओसरल्यावर, ऑक्टोबरमध्ये, मन्स्टर प्रांताचा रखडलेला अंतिम सामना झाला. त्यात टिपररीने कॉर्कला नमवले! म्हणजे देशाचा विजेता स्वतःच्या प्रांताचाही विजेता नव्हता. यावरून कॉर्कला हिणवणारे तेव्हाही होते. कॉर्कने उत्तर मैदानावरच दिले : पुढची तीन वर्षे, १९४२, १९४३ आणि १९४४, चषक त्यांच्याचकडे राहिला. युद्धकाळात पेट्रोल मिळत नसल्याने प्रेक्षक दूरदूरहून सायकली हाकत सामन्यांना येत.

शांततेच्या काळात गर्दीचा उच्चांक झाला. १९५४ मध्ये कॉर्क आणि वेक्सफर्ड यांचा अंतिम सामना पाहायला ८४,८५६ लोक आले. कॉर्कच्या ख्रिस्टी रिंगचे ते आठवे विजेतेपद. दोन वर्षांनी हेच संघ पुन्हा भिडले. शेवटच्या मिनिटांत रिंगचा गोलाकडे जाणारा चेंडू वेक्सफर्डच्या आर्ट फोलीने अडवला आणि रिंगचे नववे पदक हुकले. सामना संपताच वेक्सफर्डच्या बॉबी रॅकर्ड आणि निक ओडॉनेल यांनी रिंगला, पराभूत प्रतिस्पर्ध्याला, खांद्यावर उचलून मैदानाबाहेर नेले. या खेळात तेव्हा मानधन नव्हते, आजही नाही. अंतिम सामना खेळलेले शिक्षक, शेतकरी, बँक कर्मचारी नंतर आपापल्या कामावर परततात.

त्यानंतर अनेक दशके ‘सप्टेंबरचा पहिला रविवार’ आणि हर्लिंगचा अंतिम सामना हे समीकरण पक्के होते. २०१८ मध्ये ते मोडले आणि सामना ऑगस्टमध्ये गेला. २०२० मध्ये कोविडमुळे तो १३ डिसेंबरला गेला. ८२,००० प्रेक्षक सामावणाऱ्या क्रोक पार्कच्या रिकाम्या आसनांसमोर लिमरिकने वॉटरफर्डला ०-३० विरुद्ध ०-१९ असे हरवले. २०२२ पासून तर अंतिम सामना जुलैमध्येच होतो, आणि सप्टेंबरचा रविवार परत मिळावा म्हणून आयर्लंडमध्ये अजून वाद चालू आहे.