नितळ आणि उजळ : मराठवाड्यातील चेहऱ्याचा एक इतिहास

'नितळ' हा शब्द मुळात पाण्याचा आहे. गढूळ पाण्यातला गाळ तळाशी बसला की वरचे पाणी नितळते. त्यासाठी पाण्यात बाहेरून काही मिसळावे लागत नाही. जे ढवळले गेले होते ते स्थिरावले म्हणजे पुरे. 'उजळ' हा शब्द प्रकाशाचा. त्वचेच्या संदर्भात मात्र तो हळूहळू गोरेपणाकडे सरकला आणि तिथेच रुतून बसला. चेहरा निरोगी असावा आणि चेहरा गोरा असावा, या दोन वेगळ्या इच्छा आहेत. मुरमांवरच्या उपायांचा आपल्याकडचा इतिहास म्हणजे या दोन इच्छांची सरमिसळ कशी होत गेली याचा इतिहास आहे, असे आम्हांला वाटते. नांदेड-लातूरच्या परिसरात तो विशेष स्पष्ट दिसतो.

आरंभ नावांपासून करू. सुश्रुतसंहितेत या विकाराची गणना 'क्षुद्ररोगां'त, म्हणजे किरकोळ रोगांत, केली आहे. तिथे त्याला मुखदूषिका म्हटले आहे, आणि चिकित्सेच्या प्रकरणात युवानपिडका. पहिले नाव स्थान सांगते, दुसरे वय. तरुणांच्या तोंडावर काटेसावरीच्या काट्यांसारख्या पुळ्या येतात आणि त्यांच्या मुळाशी कफ, वात व रक्त असतात, असे सुश्रुताचे निदान आहे. पुढे शार्ङ्गधराने वय सांगणारे नावच पत्करले. आजच्या मराठी वैद्यकीय लेखनातील 'तारुण्यपिटिका' ही त्याच परंपरेतली. हैदराबाद संस्थानात नांदलेल्या युनानी वैद्यकाने रूपावरून नाव दिले : बुसूर-ए-लबनिया, म्हणजे दुधासारखा पांढरा स्राव असलेल्या पुळ्या. इंग्रजी 'ॲक्ने'ची कथा तर भाषेच्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावी अशी आहे. ग्रीक 'अक्मे' म्हणजे टोक, बहराचा काळ. सहाव्या शतकातील वैद्य एटियस याच्या ग्रंथाची नक्कल करताना कुणा लेखनिकाकडून 'म'चा 'न' झाला आणि चुकीचे रूपच रूढ झाले, असे अनेक कोशकार मानतात. बोली मराठीने मात्र ना वय पाहिले, ना दोष. रस्त्यावर अंथरतात त्या खरबरीत मातीचे आणि चेहऱ्यावरच्या पुळ्यांचे नाव इथे एकच आहे : मुरूम.

नावांवरून उपायांकडे वळलो की एक अनपेक्षित गोष्ट हाती लागते. सुश्रुत या पुळ्यांसाठी आधी वमन सांगतो आणि मग वेखंड, लोध्र, सैंधव व मोहरी यांचा लेप. अथवा धने, वेखंड, लोध्र आणि कोष्ठ यांचा. या लेपांत हळद नाही. चरकाने वर्ण सुधारणाऱ्या दहा द्रव्यांचा 'वर्ण्य' गण दिला आहे. त्यात चंदन, वाळा, ज्येष्ठमध, मंजिष्ठा आहेत. हळद तिथेही नाही. चरकाची हळद 'कुष्ठघ्न' गणात, म्हणजे त्वचारोग हटवणाऱ्या द्रव्यांत, बसली आहे. उलट अमरकोशात हळदीच्या पर्यायांमध्ये 'वरवर्णिनी' हा शब्द येतो आणि पुढे भावप्रकाशात तिला 'वर्ण्या' हे विशेषण स्पष्टपणे लाभते. याचा अर्थ हळदीला दोन घरे होती. वैद्याच्या घरी ती रोगावरचे औषध होती, कोशकाराच्या घरी वर्णाचे भूषण. आज आपण ज्याला आजीबाईच्या बटव्यातले एकसंध ज्ञान समजतो, ते या दोन घरांच्या मधल्या वाटेवर तयार झाले आहे.

राजदरबारात तिसरे घर होते, उपभोगाचे. लातूर जिल्ह्याच्या निलंगा तालुक्याला लागून असलेल्या आजच्या बसवकल्याण येथे कल्याणीच्या चालुक्यांची राजधानी होती. तिथला राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात 'मानसोल्लास' सिद्ध केला. या ग्रंथात अभ्यंग, स्नान आणि विलेपन यांची सविस्तर वर्णने आहेत, पण ती आली आहेत राजाच्या उपभोगांच्या विभागात. लेप तोच, द्रव्येही पुष्कळशी तीच. मात्र इथे तो रुग्णाला दिलेला नाही, रसिकाने लावलेला आहे. औषध आणि प्रसाधन यांच्यातली सीमा द्रव्याने ठरत नाही, ते कुणी कशासाठी लावले यावरून ठरते, हे या प्रदेशाच्या इतिहासात इतक्या लवकर दिसते.

घरोघरीच्या जगात ही सीमा कुणी आखलीच नव्हती. नरकचतुर्दशीचे उटणे, लग्नातली हळद, साय आणि हरभऱ्याचे पीठ हे सारे एकाच वेळी स्वच्छतेचे, संस्काराचे आणि सौंदर्याचे होते. मराठीतले 'उटणे' आणि दखनीतले 'उबटन' ही एकाच कुळातली भावंडे. नांदेडच्या शेजारचे वसमत हे हळदीचे मोठे ठाणे. नांदेड, वसमत आणि हिंगोलीच्या बाजारांत हळकुंडांचे ढीग लागतात आणि वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. याच हळदीच्या जखम भरून आणण्याच्या गुणावर अमेरिकेत १९९५ मध्ये दिले गेलेले पेटंट, डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने लढा दिल्यावर १९९७ मध्ये रद्द झाले. तो लढा जखमेबद्दलचा होता, गोरेपणाबद्दलचा नव्हता, हे इथे नोंदवून ठेवावेसे वाटते.

मग मुरमांची चिंता एवढी मोठी केव्हा झाली? आमच्या मते हा प्रश्न देवीच्या रोगाशिवाय सुटत नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत चेहऱ्याबद्दलचे खरे भय देवीच्या वणांचे होते. देवी जीव घेई, डोळे घेई, आणि वाचलेल्याचा चेहरा कायमचा खड्ड्यांनी भरून टाकी. त्या भयापुढे तारुण्यातल्या चार पुळ्या 'क्षुद्र'च ठरणार. भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ च्या मे महिन्यात नोंदवला गेला. त्याच १९७५ साली 'फेअर अँड लव्हली' हे मलम भारतीय बाजारात आले. यात कार्यकारणभाव शोधू नये. पण एक भय संपले त्याच वर्षी चेहऱ्याबद्दलची एक नवी असमाधानी इच्छा नळीत भरून विकायला निघाली, हा योगायोग इतिहासकाराने दृष्टीआड करू नये. त्या मलमाला नावातला गोरेपणा सोडायला २०२० साल उजाडावे लागले.

औषध की प्रसाधन, हा जुना प्रश्न याच काळात न्यायालयातही उभा राहिला. केशव विष्णु पेंढरकर यांनी १९५२ मध्ये सुरू केलेल्या 'विको'च्या हळदीच्या मलमावर प्रसाधन म्हणून कर बसवावा की आयुर्वेदिक औषध म्हणून, हा वाद १९७८ च्या सुमारास उत्पादन शुल्क खात्याशी सुरू झाला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि या शतकाच्या पहिल्या दशकात कंपनीच्या बाजूने निकाली निघाला. मुद्दा कराचा होता, तरी त्याआड चरक आणि अमर यांचीच दोन घरे उभी होती.

हळदीच्या बाबतीत घर बदलले तरी फारसे बिघडत नाही. चेहऱ्यावर क्वचित खाज येते, पिवळेपणा राहतो, एवढेच. पण जे द्रव्य निःसंशय औषध आहे ते प्रसाधनाच्या फळीवर येऊन बसले तर काय होते, याचे उत्तर भयावह आहे. बीटामेथासोन, क्लोबेटासोल यांसारखी स्टेरॉइडची मलमे पहिल्या काही दिवसांत लाली उतरवतात, रंगही फिका करतात. 'उजळ' हवे असणाऱ्याला ती चमत्कारासारखी वाटतात. पुढे त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, अनावश्यक लव उगवते, आणि मलम थांबवताच चेहरा पेटून उठतो. शिवाय ज्यासाठी ते लावले तो मुरूमच वाढतो. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका बहुकेंद्री भारतीय अभ्यासात चेहऱ्याच्या विकारांचे २,९२६ रुग्ण तपासले गेले. त्यांपैकी ४३३ जण अशी मलमे वापरत होते, त्यांतल्या सुमारे नव्वद टक्क्यांना अपाय झालेला होता आणि सर्वाधिक आढळलेला अपाय म्हणजे मुरूम येणे किंवा बळावणे. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा १४ स्टेरॉइडांची मलमे चिठ्ठीशिवाय विकण्याची मुभा काढून घेतली. कागदावरची ही बंदी प्रत्येक दुकानाच्या काउंटरपर्यंत पोहोचली आहे, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही.

या प्रश्नाला आपल्या परिसरात एक वेगळी धार आहे. 'लातूर पॅटर्न'च्या ख्यातीमुळे लातूर आणि त्यामागोमाग नांदेड ही सोळा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींची शहरे झाली आहेत. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या शिकवण्या, वसतिगृहे, मेस आणि खोलीतला एक आरसा. युवानपिडकेचे वय नेमके हेच. घरापासून दूर असलेले हे मूल आईला विचारत नाही, डॉक्टरकडे जात नाही. मित्राने सुचवलेली नळी आणते. उद्या जे डॉक्टर व्हायचे आहेत, तेच आज औषध आणि प्रसाधन यांतला भेद न कळल्याने आपला चेहरा जाळून घेतात.

वास्तविक आज या विकाराची यंत्रणा पुष्कळ उलगडली आहे. वयात येताना संप्रेरकांमुळे तैलग्रंथी अधिक स्राव करतात, केसांच्या मुळाशी असलेली छिद्रे मृत पेशींनी बुजतात, आत जंतू वाढतात आणि दाह होतो. हा मळाचा रोग नव्हे. म्हणून २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातुरातही कुणी दहादा तोंड धुण्याचा अट्टहास करू नये. दिवसातून दोनदा सौम्य साबणाने धुणे पुरेसे आहे आणि खरवडल्याने त्रास वाढतोच. केसांना चोपडलेले तेल कपाळावर ओघळले की तिथे मुरूम उठतात, हे १९७० पासून वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेले आहे. पुळी फोडली की वण राहतो. बेंझॉइल पेरॉक्साइड, ॲडापलीन यांसारखी खरी औषधे दिसेलसा परिणाम करायला सहसा दीड ते तीन महिने घेतात. आयसोट्रेटिनॉइनसारखे प्रभावी औषध गर्भाला घातक असल्याने डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घ्यायचेच नाही.

दीड ते तीन महिने, ही मुदत ध्यानात घेण्यासारखी आहे. उजळणे एका आठवड्यात विकत मिळते. नितळायला वेळ लागतो, कारण गाळ आपल्या गतीने बसतो. आपल्या पाठ्यपुस्तकांतून, कवितांतून आणि वधूवरांच्या जाहिरातींतून 'उजळ' आणि 'गोरा' हे शब्द सौंदर्याचे पर्याय म्हणून आपण साहित्याचे शिक्षक निमूटपणे शिकवत आलो आहोत. स्टेरॉइडची नळी रोखणे आपल्या हाती नसेल, पण या दोन शब्दांतले अंतर वर्गात स्पष्ट करणे निश्चितच आपल्या हाती आहे, आणि तेवढ्याने एखादा चेहरा वाचू शकतो.