ठळक, तिरपे आणि पट्टीचे अक्षर : देवनागरी मुद्रणासंबंधी एक विचार

अक्षरदंडाच्या टोकांना जाड आडव्या पट्ट्या असलेले रोमन मुद्राक्षर लंडनच्या व्हिन्सेंट फिगिन्स याने १८१७ च्या सुमारास आपल्या नमुनापत्रात प्रसिद्ध केले. ते ग्रंथवाचनासाठी नव्हते. भिंतीवरची जाहिरात दुरून दिसावी यासाठी होते. पुढे ते अधिक ठळक झाले व तिरपेही झाले. या तीन गुणांपैकी देवनागरीने कोणता पचविला, हा प्रश्न मराठी मुद्रणाच्या अभ्यासात सहसा विचारला जात नाही.

पट्टीचा निकाल लवकर लागतो. देवनागरीत आडवी पट्टी शिरोरेखेच्या रूपाने मुळातच आहे. पायथ्याशी दुसरी जोडल्यास अक्षर पेटीत कोंडल्यासारखे दिसते.

तिरपेपणाची गोष्ट निराळी. रोमन लिपीचे तिरपे वळण व्हेनिसच्या आल्डस मानुटिअस याने १५०१ मध्ये मुद्रणात आणले, ते धावत्या हस्ताक्षरावरून. अशी धावती लिपी मराठीजवळ होतीच, ती मोडी. विल्यम केरी याच्या मराठी कोशासाठी (१८१०) बंगालमधील सेरामपूर येथे मोडीचे खिळेही वापरले गेले. परंतु महाराष्ट्रातील छापखान्यांनी बाळबोध पत्करली आणि मोडी दप्तरात राहिली. जावजी दादाजी यांनी १८६९ मध्ये मुंबईत स्थापिलेल्या निर्णयसागर छापखान्याची कीर्ती बाळबोध अक्षराच्या सुबकतेवरच उभी आहे. सरळ अक्षराला तिरपा सोबती मिळण्याची संधी अशी हुकली. त्यातून शिशाच्या खिळ्याचे अंग चौकोनी. कललेल्या अक्षराची वेलांटी वा मात्रा त्या अंगाबाहेर जाणार, ही कारागिराची अडचण होतीच.

संगणकाच्या काळात हा जुना अभाव मुंबईच्या उपनगरांत पुन्हा पुढे आला. सुलेखनकार र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी पवईच्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमध्ये अध्यापन केले व नंतर जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात भारतीय लिप्यांची संगणकीय अक्षरे घडविली. त्यांचा ‘मंगल’ मायक्रोसॉफ्टच्या विंडोज २००० बरोबर आला, तो एकाच जाडीत. ठळक जोड विंडोज ७ (२००९) मध्ये मिळाली. तिरपी मिळालीच नाही. तिरप्या अक्षराची आज्ञा दिली की यंत्र सरळ अक्षरच कलविते. बोरूची तिरकस छाट ज्या अक्षरात आधीच मुरलेली आहे, त्याचा काना झुकतो, शिरोरेखा आडवीच राहते आणि जाड-बारीक रेषांचे मूळ प्रमाण बिघडते. याला वळण म्हणणे धाडसाचे होईल.

ठळकपणा तेवढा देवनागरीने आपला केला. ‘एक टाइप’ या मुंबईच्या गटाच्या ‘मोदक’ (२०१५ च्या सुमारास) या मुद्राक्षरात जाडी इतकी वाढविली आहे की अक्षराच्या पोटातील पोकळी फटीपुरतीच उरते. ‘क्ष’, ‘ज्ञ’ यांसारख्या दाट अक्षरांत ती फट नेमकी कोठे ठेवावी, याचे उत्तर लंडनच्या कोणत्याही नमुनापत्रात सापडणारे नव्हते.