वायू, अनिल आणि गॅस : व्हाइटफील्डच्या संदर्भात पोटफुगीचा शब्देतिहास

व्याधीला दिलेले नाव हे निदानाचे पहिले पाऊल असते. रोगी वैद्यासमोर येतो तो आपल्या भाषेने दिलेले नाव घेऊनच, आणि पुढील विचारपूस बहुधा त्या नावाच्या चौकटीत होते. पोटफुगीसारख्या सर्वसाधारण तक्रारीत ही गोष्ट विशेष स्पष्ट दिसते. ही व्याधी एकाच वेळी अनुभव आहे, दृश्य खूण आहे आणि लोकसमजुतीप्रमाणे एक पदार्थही आहे. या तीन अंगांपैकी कोणते अंग नावात येते, यावर उपचाराची दिशा ठरते. संस्कृत, मराठी, कन्नड आणि इंग्रजी या चार भाषांच्या शब्दसंग्रहांतून ही नावे कशी बदलत गेली आणि त्या बदलात काय हरवले, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

१. स्थळ आणि भाषा

बेंगळुरूच्या पूर्वेकडील व्हाइटफील्ड हे स्थळ या विचाराला सोयीचे आहे. 1882 साली म्हैसूरचे महाराज दहावे चामराजेंद्र वडियार यांनी यूरेशियन अँड अँग्लो-इंडियन असोसिएशनला सुमारे 3,900 एकर जमीन दिली. संस्थेचे प्रवर्तक डी. एस. व्हाइट यांच्या नावावरून या शेतकी वसाहतीला व्हाइटफील्ड हे नाव मिळाले. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात तेथे माहिती तंत्रज्ञानाचा व्यवसाय आला आणि त्यापाठोपाठ देशभरातील मध्यमवर्ग आला. त्यात मराठी कुटुंबेही होती.

बेंगळुरूचा मराठीशी संबंध मात्र याहून पुष्कळ जुना आहे. 1638 मध्ये विजापूरच्या फौजांनी हे शहर घेतल्यानंतर ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्यांचे पुत्र एकोजी पुढे तंजावरला गेले आणि त्यांच्याच वंशात सरफोजी दुसरे (कारकीर्द 1798–1832) झाले. सरफोजींच्या धन्वंतरी महालात वैद्यकाचे संकलन झाले. त्यातील अनुभवसिद्ध उपचार तमिळ पद्यात बांधले गेले आणि 'सरभेंद्र वैद्य मुरैगळ' या नावाने पुढे प्रसिद्ध झाले. दक्षिणेतील मराठी राजवटीचे वैद्यक तमिळ भाषेच्या आश्रयाने टिकले, ही बाब लक्षणीय आहे. परप्रांतात राहणारा समाज आपले दुखणे शेजाऱ्याच्या भाषेत सांगू लागतो. व्हाइटफील्डमधील मराठी माणूस घरात 'पोट फुगले' म्हणतो, शेजारी 'होट्टे उब्बर' हा कन्नड शब्द ऐकतो आणि दवाखान्यात 'ग्यास्ट्रिक' झाले असे सांगतो. बेंगळुरूच्या बोलीत 'ग्यास्ट्रिक' हे इंग्रजी विशेषण नाम बनले असून करपट ढेकरेपासून पोटफुगीपर्यंतच्या सर्व तक्रारी त्यात सामावतात.

२. शास्त्राची नावे

आयुर्वेदाच्या संहितांनी या एका तक्रारीला अनेक नावे दिली आहेत आणि त्यांत काटेकोर भेद केले आहेत. सुश्रुताच्या निदानस्थानातील वातव्याधीच्या अध्यायात आध्मान आणि प्रत्याध्मान अशी दोन नावे येतात. पहिल्याचे स्थान पक्वाशय, तर दुसऱ्याचे आमाशय. पोटातील गुडगुडीला आटोप हा निराळा शब्द आहे. मलाचा व वाताचा अवरोध म्हणजे आनाह. माधवनिदानात तो उदावर्ताबरोबर वर्णिलेला आहे. फुगणे, वाजणे आणि अडणे या तीन घटना येथे वेगळ्या मानल्या आहेत.

यापैकी कोणतेही नाव कोठीत साठलेल्या पदार्थाचे नाही. संहितांतील वात हे मुख्यतः गतीचे तत्त्व आहे. त्यामुळे उपचारालाही वातानुलोमन, म्हणजे वाताला त्याच्या योग्य दिशेने प्रवृत्त करणे, असे म्हटले आहे. चरकाच्या सूत्रस्थानातील सातवा अध्याय याच दृष्टीने वाचण्यासारखा आहे. जे आवेग अडवू नयेत अशा तेरा नैसर्गिक वेगांची तेथे गणना आहे. अधोवायू अडवल्याने होणाऱ्या विकारांत मलमूत्राच्या अवरोधाबरोबर आध्मानाचाही उल्लेख आहे. येथे पोटफुगीचे एक कारण सामाजिक ठरते, कारण वेग अडवला जातो तो बहुधा चारचौघांत. सभेचा शिष्टाचार आणि देहाचा धर्म यांतील हा संघर्ष चरकाला ठाऊक होता. दिवसभर बंद वातानुकूलित दालनात बैठका करणाऱ्या नोकरवर्गाला तो नवा वाटण्याचे कारण नाही.

३. घरातील भाषा

संहितांचे भेद घरगुती मराठीत जसेच्या तसे उतरले नाहीत, पण भेद करण्याची सवय टिकली. पोटाला तडस लागणे, गुबारा धरणे, पोट डब्ब होणे, पोटात गुडगुडणे आणि वायगोळा उठणे हे वाक्प्रयोग एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत. तडस लागते ती अतिभोजनाने. डब्ब होते ते बोटाने वाजवून पाहिलेले पोट, विशेषतः तान्ह्या मुलाचे. वायगोळ्यात वेदना प्रधान असते. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या तिसऱ्या दशकातील सहाव्या समासात आध्यात्मिक तापाच्या निमित्ताने देहव्याधींची जी लांबलचक नामावळी दिली आहे, तीही देहाविषयी बोलण्याच्या मराठीच्या याच नेमकेपणाची साक्ष देते.

स्वयंपाकघर हा या ज्ञानाचा दुसरा कोश होय. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात गुल्मचिकित्सेत आलेले हिंग्वष्टक चूर्ण भाताच्या पहिल्या घासांबरोबर तुपातून घेण्याची चाल मराठी घरांत रुळली. सुंठ, मिरी, पिंपळी, अजमोदा, सैंधव, दोन प्रकारचे जिरे आणि हिंग ही त्यातील आठ द्रव्ये. मराठीतील हिंग कन्नडात इंगु होतो, ओव्याला तेथे ओम म्हणतात आणि शेपू तेथे सब्बसिगे या नावाने भाजीबाजारात येतो. शेपूचेच बी म्हणजे मराठी बाळंतिणीच्या विड्यासोबतच्या बाळंतशेपा. नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्ड यांनी 1851 मध्ये बनवलेल्या ग्राइप वॉटरमध्येही शेपूचेच तेल होते. बाटली विलायती असली तरी आतील वास ओळखीचा असल्याने हिंदुस्थानातील घरांनी ती सहज स्वीकारली.

वाल आणि पावट्याचे उदाहरण याहून बोलके आहे. अष्टांगहृदयात निष्पाव या नावाने वर्णिलेले हे कडधान्य वातकर म्हटले आहे. कोकण-मुंबईच्या घरांत वाल भिजवून, मोड आणून, सोलून त्याचे बिरडे करतात. बेंगळुरूत थंडीच्या दिवसांत याच जातीचे अवरेकाळु येतात. ते भिजवून चिमटीत दाबून साल काढतात आणि त्याला हितकिदबेळे म्हणतात. दोन्ही ठिकाणी मसाल्यात हिंग असतोच. कडधान्यांतील रॅफिनोज व स्टॅकिओज या शर्करा पचवणारे विकर मानवी लहान आतड्यात नसते. त्यामुळे त्या मोठ्या आतड्यापर्यंत जातात आणि तेथील जिवाणू त्या आंबवून हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि काहींच्या बाबतीत मिथेन निर्माण करतात. भिजवून पाणी टाकल्याने व मोड आणल्याने या शर्करा घटतात. दोन भाषांच्या दोन स्वयंपाकघरांनी, या शर्करांचे नावही ठाऊक नसताना, एकच उपाय गाठला होता.

४. तत्त्वाचे पदार्थात रूपांतर

'गॅस' हा शब्द सतराव्या शतकात व्हान हेल्मोंट या फ्लेमिश रसायनज्ञाने ग्रीक 'केऑस'वरून घडवला. हिंदुस्थानात रसायनशास्त्र देशी भाषांत आणताना या शब्दासाठी प्रतिशब्द हवा होता. मराठीने 'वायू' निवडला, कन्नडाने 'अनिल'. हे दोन्ही शब्द संस्कृतात वाऱ्याचे आणि वैद्यकात वाताचे पर्याय आहेत. याचा एक परिणाम लक्षात घेण्याजोगा आहे. शाळेत 'ऑक्सिजन वायू' शिकलेल्या मराठी माणसाला 'पोटात वायू धरला' या जुन्या वाक्याचा अर्थ नव्याने लागला. गतीचे तत्त्व आता पोटात कोंडलेला पदार्थ झाले. त्याच शब्दाच्या जागी मग इंग्रजी 'गॅस' आणि त्याचे 'गॅसेस' हे अनेकवचन सहज आले. पदार्थ असेल तर तो बाहेर काढला पाहिजे किंवा शमवला पाहिजे, हा तर्क त्यामागोमाग येतो. औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय घेतली जाणारी आम्लनाशके याच तर्काची फलश्रुती होत. त्यांचा रोख आम्लावर असतो, तक्रार मात्र फुगण्याची असते.

आधुनिक पचनशास्त्राला हा तर्क अपुरा वाटला आहे. मायकल लेव्हिट व सहकाऱ्यांनी 1975 मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजमापांत पोटफुगीची तक्रार करणाऱ्यांच्या आतड्यातील वायूचे प्रमाण निरोगी माणसांहून लक्षणीय अधिक आढळले नाही. पुढे बार्सिलोना येथील फर्नांडो अझ्पिरोझ यांच्या गटाने दाखवले, की अनेक रुग्णांत श्वासपटल खाली सरकते आणि पोटाची पुढची भिंत सैल पडते. पोट दिसायला फुगते, पण आतील वायू तितका वाढलेला नसतो. फुगल्याची जाणीव आणि प्रत्यक्ष फुगवटा हे वेगळे मोजावेत, असे आता मानले जाते. 2005 मध्ये मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातील संशोधकांनी मांडलेली फॉडमॅप ही संकल्पना विशिष्ट शर्करा काही आठवडे वर्ज्य करून मग एकेक परत आणण्यावर आधारलेली आहे, आणि ती आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच पाळावी लागते. फुगणे, वाजणे आणि अडणे यांतील जो भेद 'गॅसेस' या एका शब्दाने पुसला, त्याच्या जवळ जाणारा भेद वैद्यकाला नव्याने करावा लागला आहे.

५. समारोप

हा प्रश्न केवळ शब्दांचा नाही. छातीतील दाब 'गॅस' समजून घरी थांबलेल्या रुग्णाला हृदयविकाराच्या उपचारांना उशीर होतो. पन्नाशीच्या पुढील स्त्रीला वारंवार पोट फुगणे, थोड्या अन्नाने पोट भरणे आणि ओटीपोटात दुखणे अशा तक्रारी होऊ लागल्या, तर त्या अंडाशयाच्या कर्करोगाच्या असू शकतात. त्या महिन्यातून बारापेक्षा अधिक वेळा होत असतील तर तपासणी करावी, असे ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या 2011 च्या मार्गदर्शिकेत म्हटले आहे. नकळत घटणारे वजन, शौचातून रक्त, सततची उलटी किंवा मल व वायू दोन्हींचा पूर्ण अवरोध यांनाही घरगुती उपाय लागू नाही. शेवटचे लक्षण तर आनाहाच्या व्याख्येतच होते.

ओवा, हिंग, भिजवलेले कडधान्य, सावकाश जेवण, जेवणानंतरची शतपावली आणि न अडवलेला वेग या गोष्टी बहुतेकांना पुरतात. ज्यांना त्या पुरत नाहीत, त्यांना आपली तक्रार नेमकी सांगता आली पाहिजे: फुगते, दुखते, वाजते की अडते, केव्हापासून आणि किती वेळा. व्हाइटफील्डच्या दवाखान्यात कन्नड, मराठी आणि इंग्रजी यांच्या सीमेवर बसलेला रुग्ण 'ग्यास्ट्रिक' या शब्दावर थांबतो, तेव्हा त्याच्या मातृभाषेजवळ असलेले चार-पाच नेमके शब्द न वापरताच राहतात. ते परत वापरात येणे हे भाषेच्या इतिहासाइतकेच रुग्णाच्या हिताचेही काम आहे.