गोदींतली आग : हुकूम कोणाचा?



दरवर्षीं १४ एप्रिल हा दिवस उजाडला म्हणजे भायखळ्यास, मुंबईच्या अग्निशामक दलाच्या मुख्य ठाण्यांतील स्मारकापुढें, मृत जवानांस मानवंदना दिली जाते. १९४४ सालीं याच दिवशीं व्हिक्टोरिया गोदींत या दलाचे ६६ जवान कामावर असतां मृत्यु पावले. त्यांच्या शौर्याची कथा आपण ऐकली असेल. आज मला त्या शौर्याच्या आड राहिलेली एक गोष्ट सांगावयाची आहे. धूर दिसल्यापासून पहिल्या स्फोटापर्यंत सुमारें दोन तास हातीं होते, आणि ते वायां गेले. ते कां वायां गेले, हाच आजचा विषय.

'फोर्ट स्टिकिन' हें जहाज कराचीवरून १२ एप्रिल रोजीं मुंबईस लागलें. त्याच्या पोटांत सुमारें १,४०० टन स्फोटक द्रव्यें, सोन्याच्या विटा, तेलाचीं पिंपें आणि कापसाचे हजारों गठ्ठे होते. मालाच्या दुसऱ्या कप्प्यांत तर खालीं कापूस आणि वर दारूगोळा अशी मांडणी होती! एरवीं असला माल गोदीबाहेर पडावांत उतरवून घेत; युद्धाच्या घाईंत जहाज सरळ गोदींत घेण्यांत आलें. धोक्याचें लाल निशाणहि त्यावर नव्हतें.

दुपारीं २ च्या सुमारास आगीची ओरड झाली. वर्दी पोंचली ती साध्या आगीची. म्हणून आधीं दोनच बंब आले. कप्प्यांत काय आहे हें कळतांच आणखी बंब धांवले. पाण्याला कांहीं तोटा नव्हता. तोटा होता तो हुकुमाचा. जहाजावर सत्ता कप्तानाची, गोदीवर सत्ता व्यवस्थापकाची, पाण्याच्या नळ्या अग्निशामक दलाच्या हातीं, आणि दारूगोळ्याचें ज्ञान लष्करी अधिकाऱ्यापाशीं. जहाज तेथेंच बुडवावें, असें एक मत पडलें. परंतु गोदींतील पाणी त्या मानानें उथळ होतें. जहाज ओढून बाहेर समुद्रांत न्यावें, असा दुसरा विचार निघाला. पाणी मारीत राहावें, हा तिसरा. प्रत्येकाचें म्हणणें आपापल्या परीनें विचाराचेंच होतें. पण सर्वांचें ऐकून घेऊन शेवटचा शब्द उच्चारील असा धनी तेथें कोणी नव्हता. बारभाई कारभार म्हणतात तो हाच.

निर्णय होईना, म्हणून जें चालू होतें तेंच चालू राहिलें. शेंकडों टन पाणी कप्प्यांत ओतलें गेलें. त्या पाण्यावर जळता कापूस तरंगूं लागला आणि हळूहळू वरच्या दारूगोळ्याकडे चढूं लागला. ज्वाळा उफाळल्या तेव्हां कोठें जहाज सोडण्याचा हुकूम झाला. ४ वाजून ६ मिनिटांनीं पहिला स्फोट झाला. ४ वाजून ३४ मिनिटांनीं दुसरा. १२ किलोमीटरपर्यंत खिडक्यांच्या कांचा फुटल्या. लालबाग, परळ, दादर हा सारा भाग त्या टप्प्याच्या आंतलाच. गोदीलगतचीं गोदामें व वस्ती पेटली. मृतांचे आंकडे आठशेंपासून तेराशेंपर्यंत निरनिराळे दिले जातात. गोदी साफ करून पुन्हां चालू करण्यास सुमारें आठ हजार माणसें आणि सात महिने लागले.

एकच अधिकारी असता तर जहाज वांचलें असतें काय? कदाचित् नाहीं. परंतु त्या दोन तासांत शेजारच्या जहाजांवर माल चढत उतरत होता, धक्क्यावर माणसें धूर पाहात उभीं होतीं. गोदी रिकामी करण्याचा हुकूम मात्र सुटला नाहीं. तो देण्यास ना पाणी लागतें, ना यंत्र. अधिकार तेवढा लागतो.

हाच धडा दूर अमेरिकेंतहि घ्यावा लागला. १९७० सालीं कॅलिफोर्नियांतील वणव्यांत अनेक दलें एकत्र आलीं आणि एकमेकांच्या पायांत घोटाळलीं. त्यांतून नवी पद्धति निघाली : घटनास्थळीं प्रमुख एकच, त्याच्या हाताखालीं प्रत्यक्ष काम, आंखणी आणि रसद यांच्या शाखा, प्रत्येकाचा वरिष्ठ एक, आणि एका वरिष्ठाच्या हाताखालीं निभावतील तेवढींच माणसें. भारतांत २००५ सालीं आपत्ति व्यवस्थापनाचा कायदा झाला, आणि २०१० सालीं राष्ट्रीय प्राधिकरणानें याच धर्तीची मार्गदर्शक तत्त्वें प्रसिद्ध केलीं.

कागदावरची ही व्यवस्था संकटाच्या घटकेला उभी राहील ती आधींच्या सरावानें. आग लागल्यावर 'येथें हुकूम कोणाचा?' असें विचारण्याची वेळ येऊं नये. त्याचें उत्तर आग लागण्यापूर्वींच सर्वांस पाठ असावें. त्या दुपारीं ६६ जवान आपल्या जागेवरून हलले नाहींत. त्यांना हलविण्याचा अधिकार कोणाचा, हें मात्र वेळेवर ठरलें नाहीं. भायखळ्याच्या स्मारकापुढें मस्तक नमवितांना एवढें स्मरणांत ठेवलें, तरी त्यांचें ऋण थोडें फिटेल.