कुर्डू, अंबाडी आणि धुरा : आदिलाबादच्या पालेभाजीचा इतिहास

भाद्रपदाच्या अमावास्येला आदिलाबादच्या कोणत्याही गल्लीत संध्याकाळी उभे राहा. ताटात फुलांचे थर चढवून बतुकम्मा रचली जात असते. त्यात तंगेडूची पिवळी फुले दिसतील आणि पांढऱ्या-गुलाबी तुऱ्यांची गुनुगू दिसेल. तंगेडू म्हणजे आपला तरवड आणि गुनुगू म्हणजे कुर्डू. आषाढात कोवळी असताना हिचीच भाजी होते, लसूण-मिरचीची फोडणी देऊन, भाकरीबरोबर. दोन महिन्यांत पाने जून होतात, तुरा येतो, आणि जी चुलीवर होती ती ताटात देवी होऊन बसते. शेतकऱ्याला विचाराल तर तो तिला तण म्हणेल. एकाच रोपाला तण, भाजी आणि देवी ही तिन्ही नावे मिळतात, आणि आपल्या विषयाची सुरुवात मला येथूनच करावीशी वाटते.

कारण पालेभाजीचा इतिहास लिहिणाऱ्याला दप्तरे फारशी मदत करत नाहीत. सारा जमिनीवर आणि पिकावर बसला, बाजारपट्टी विकत्या मालावर. धुऱ्यावर आपोआप उगवलेल्या घोळीवर किंवा परड्यातल्या चार मूठ माठावर कोणी कधी सारा बसवला नाही, म्हणून ती कुणाच्या वहीतही आली नाही. तिचा माग काढायचा तर नावांतून, सणांतून आणि रानातल्या कामांच्या रीतींतून काढावा लागतो.

नावांच्या बाबतीत आपला जिल्हा श्रीमंत आहे. १९०५ साली निजामाच्या राज्यात आदिलाबाद हा पूर्ण जिल्हा झाला तेव्हा तेलुगू, मराठी आणि गोंडी या तिन्ही भाषा त्याच्या पोटात होत्या. १९५६च्या राज्यपुनर्रचनेत किनवटचा आणि राजुऱ्याचा भाग नांदेडकडे गेला, राजुरा पुढे १९५९ साली चांद्याकडे गेला. बोथ, जैनथ, बेला, तांसीकडची मराठी गावे पैनगंगेच्या या तीरावर राहिली. सीमा माणसांनी आखली होती, ती भाज्यांना कोणी सांगितली नाही. आपली अंबाडी येथे पुंटीकूर, माठ तो तोटकूर, शेवगा तो मुनगा. चुका आणि चुक्ककूर तर सख्खी भावंडेच वाटतात. कोथिंबिरीची मात्र गंमत आहे. तेलुगूत ती कोत्तिमीर, म्हणजे पुणेकरालाही कळेल अशी, आणि नदी ओलांडून यवतमाळात गेलात की तीच सांबार होते. आदिलाबादच्या हॉटेलात बसून एखाद्या वऱ्हाडी पाहुण्याने ‘वरून थोडा सांबार घाला’ म्हटले, तर त्याच्या पोह्यांचे काय होईल ते तुम्हीच ताडा.

या सगळ्यांत मला अंबाडीची हकीकत अधिक बोलकी वाटते. आज आपण तिला फक्त भाजी म्हणून ओळखतो. पण धुऱ्यावर आणि ज्वारी-कापसाच्या ओळींच्या कडेला ती लावली जाई ती मुख्यतः वाखासाठी. पीक उभे झाले की काड्या कापून पाण्यात कुजत घालायच्या, साल सोलून वाख काढायचा आणि त्याचे दोर, कासरे, वेसणी वळायच्या. खालच्या आंध्र किनाऱ्यावर भीमुनिपट्टणम बंदरातून हाच वाख परदेशी जाई, आणि इंग्रज व्यापाऱ्यांनी त्याला ‘बिमलीपट्टम ताग’ असे नाव दिले होते. शेतकऱ्याच्या दृष्टीने भाजी ही वरकड मिळकत होती. कोवळा पाला खुडून न्यावा, लाल बोंडांची आंबट चटणी करावी, आणि काडी मात्र बैलांसाठी राखावी. पुढे बाजारात नायलॉनचा दोर आला, मग बैलही कमी झाले. वाख वळणारे हात थांबले तशी अंबाडी धुऱ्यावरून गेली. भाजीची चव बदलली म्हणून ती गेली नाही, दोराची गरज संपली म्हणून गेली. स्वयंपाकघरात तिच्या आंबटपणाची जागा टोमॅटोने घेतली. माझ्या मते हा सौदा आपल्याला तोट्याचा पडला.

दुसरी रीत निंदणीची. पावसाळ्यात बायका ओळीने खुरपे घेऊन बसत. कुर्डू, तांदुळजा, घोळ, तरोटा, पाथरी हे सारे पिकाच्या दृष्टीने तण. खुरप्याखाली आलेले तण दोन वाटांनी जाई, कडू-काटेरी बांधावर आणि कोवळे पदराच्या ओटीत. मजुरी ठरलेली असे. ओटीतल्या भाजीचा हिशेब कोणी मागत नसे. संध्याकाळी तीच भाजी तुरीच्या डाळीबरोबर शिजे. अंबाडी असेल तर त्यात मूठभर ज्वारीच्या कण्या पडत आणि वरून लसणाची फोडणी.

या एका भांड्याचे महत्त्व पुढे प्रयोगशाळेतही कळले. रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी १९१८ साली कुन्नूरला सुरू केलेले आहारसंशोधनाचे काम १९५८ साली हैदराबादला आले. तीच आजची राष्ट्रीय पोषण संस्था. दख्खनमधल्या रुग्णांत तेथल्या डॉक्टरांना पेलाग्रा आढळला. उन्हात उघडी राहणारी कातडी काळवंडते, हगवण लागते, मन भ्रमते असा हा रोग. जगाला तो मका खाणाऱ्यांचा म्हणून ठाऊक होता, येथे तो ज्वारीवर जगणाऱ्यांत दिसत होता. गोपालन आणि श्रीकांतिया यांनी १९६० साली ज्वारीतल्या ल्युसीन या घटकाकडे बोट दाखवले. यातून ज्वारी वाईट असे कोणी समजू नये. जिथे ताटात भाकरी, मीठ आणि मिरची एवढेच उरले होते, तिथली ही गोष्ट आहे. पाला एकटा पेलाग्रा बरा करत नाही. पण डाळीसह पाला म्हणजे डोळ्यांसाठी कॅरोटीन, रक्तासाठी लोह आणि फोलेट, हाडांसाठी चुना. फोडणीचे तेलही चैन नव्हे, तेलाशिवाय कॅरोटीन अंगी लागत नाही. लिंबाची फोड लोह शोषायला मदत करते. अंबाडीचे पाणी पिळून फेकतो तेव्हा आंबटपणाबरोबर आणखीही बरेच मोरीत जाते, हे मात्र लक्षात ठेवावे.

जंगलातल्या पाल्याची कथा वेगळी आणि अधिक कडू आहे. गोंड आणि कोलाम फिरती शेती करत. रानातले कंद, पाने, मोहाची फुले हा त्यांच्या आहाराचा नेहमीचा भाग होता. सरकारने जंगले राखीव केली, खुणेचे दगड रोवले, आणि कालपर्यंतची भाजी आज गुन्हा ठरू लागली. १९४० साली जोडेघाटला कोमुरम भीम गोळीबारात पडले. त्यानंतर निजाम सरकारने हैमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाला येथे आणले. त्याने मारलावाईत शिक्षणाचे केंद्र सुरू करवले. तिथली गोंडी वाचनपुस्तके नागरी लिपीत होती, ही गोष्ट आपल्यासारख्या मराठी सभेने आठवणीत ठेवण्याजोगी आहे. जमिनीचे पट्टे काहींना मिळाले. पण पाने खुडण्याचा हक्क पट्ट्यात लिहिता येत नाही.

आता मैदानाकडे परत या. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि काळ्या रानात कापूस आणखी दाटला. निंदणीला माणूस मिळेना, मिळाला तर परवडेना, म्हणून तणनाशकाचा पंप पाठीवर आला. शेतकऱ्याला दोष देणे सोपे आहे, मी देणार नाही. पण फवारणीत तण म्हणून जे जळते त्यात ओटीतली भाजी असते. मजूर बाईची मजुरी गेली ती सर्वांना दिसली, तिची भाजी गेली ती कोणत्याच आकड्यात आली नाही. रानात कुर्डू अजून उगवलेली दिसते, बतुकम्मासाठी ती तोडतातही. पण फवारलेल्या शेतातली कोवळी पाने आता कोणीही चुलीवर नेऊ नयेत. इतकेच नाही, बांधालगतचीही नेऊ नयेत, वाऱ्याने औषध तिथवर जाते.

म्हणून उरते परडे. घरामागे चार हात जागा असेल, नाहीतर गच्चीत जुने टोपले असेल, तरी पुरते. आदिलाबादची थंडी तेलंगणात कडाक्याची म्हणून ओळखली जाते. मेथी-कोथिंबिरीला ती मानवते. धने रगडून दोन फाकी करून पेरा, अख्खे पेरले तर उशिरा आणि विरळ उगवतात. मेथी महिन्याभरात येते. उन्हाळ्यात दोन्हींचा हट्ट धरू नका, ऊन लागताच कोथिंबीर फुलावर जाते. तेव्हा माठ आणि घोळ घ्या. शेवग्याची फांदी मृगाच्या तोंडावर रोवा. मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी चुका, पालक, घोळ डॉक्टरांना विचारूनच खावेत. अंबाडी पावसाबरोबर टाका आणि शेंडे खुडत राहा, ती फुटत राहते. दोन झाडे मात्र खुडू नका. ती हिवाळ्यात बोंडांवर येतील. बोंडे चटणीला आणि वाळलेले बी पुढच्या मृगाला ठेवा. शेजारीण मागायला आली तर मूठभर तिलाही द्या. पुंटीकूर म्हणाली तरी ती हेच मागते आहे.